अक्षरं वाचली, वाक्य राहून गेलं : आरहमायानी, जकार्ता १९९४

आधी थोडंसं

हे प्रकरण इंडोनेशियातल्या एका परफॉर्मन्स आर्टिस्टचं आहे, आरहमायानी तिचं नाव. तिची कामं जगभरच्या म्युझियममध्ये लागलेली आहेत त्यामुळे तिचं नाव लपवण्यात अर्थ नाही, पण ज्यांनी धमक्या दिल्या, हॉल ज्यांच्या ताब्यात होता, त्या दिवसांत आजूबाजूला जे लोक होते, त्यांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकरण समजायला ती लागतही नाहीत.

मी बॅनर, पोस्टर, लग्नपत्रिका असली कामं करतो, म्हणजे दिवसभर अक्षरांशीच मारामारी. म्हणून तिच्या चाळीसेक वर्षांच्या कामातला मला हा एकच प्रसंग परत परत आठवतो. कारण त्यात सगळं घोडं अडलं ते अक्षरांवर.

पार्श्वभूमी

आरहमायानीचा जन्म १९६१ चा, बांडुंगचा. बांडुंग म्हणजे पश्चिम जावामधलं डोंगरात वसलेलं थंड हवेचं शहर, सुंदानी लोकांचा मुलूख. वडील इस्लामचे अभ्यासक, आईकडे जावाची जुनी हिंदू-बौद्ध वळणाची परंपरा. तिच्या नावातच दोन्ही घरं आहेत असं ती सांगते, पुढचा अर्धा भाग अरबी आणि मागचा आपल्याकडचा. आपल्याला यात काय नवल वाटणार, कोकणात नाहीतर मराठवाड्यात दर्ग्याचा उरूस आणि देवळाची जत्रा एकाच माणसाच्या कॅलेंडरवर असते. पण हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिकली ती बांडुंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, तिथल्या कला विभागात. या कॉलेजला त्यांच्याकडचेच समीक्षक पन्नासच्या दशकात 'पश्चिमेची प्रयोगशाळा' म्हणून टोमणे मारायचे, म्हणजे रंग, आकार, अमूर्त चित्रं, सगळं छान आणि राजकारणापासून लांब. लांब राहण्याला कारणही होतं. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात डाव्यांची प्रचंड कत्तल झाली, त्यांच्या बाजूच्या लेखक-कलाकारांच्या संघटनेवर बंदी आली, बरेच जण तुरुंगात गेले, आणि मग लष्करशहा सुहार्तोची राजवट आली ती १९९८ पर्यंत. त्यामुळे पुढच्या पिढीतल्या चित्रकारांना घरूनच सांगणं असायचं, बाबा रे फुलं काढ, झाडं काढ.

हिने काय केलं, तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माणसाच्या अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून त्याला बांडुंगच्या रस्त्यावरून फिरवण्यासारखे प्रकार. गॅलरी नाही, तिकीट नाही, बघणारे म्हणजे रस्त्यावरचे लोक. १९८३ मध्ये रस्त्यावर काढलेल्या चित्रांवरून लष्कराने तिला पकडून नेलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची. मग सिडनीला शिकायला गेली, १९८५-८६, आणि नंतर नेदरलँड्समध्ये एन्शेडेला, १९९१-९२. परत आली तेव्हा तिशी ओलांडलेली, जग बघितलेलं, आणि आत एकदा जाऊन आलेली.

ती परत आली तो काळही बघा. सुहार्तोने सुरुवातीची वीसेक वर्षं धार्मिक संघटनांना दाबूनच ठेवलं होतं, पण नव्वदच्या आसपास वारं फिरलं. १९९० च्या डिसेंबरात सुहार्तोचे मंत्री हबीबी यांच्या पुढाकाराने मुस्लिम विचारवंतांची सरकारमान्य संघटना निघाली, १९९१ मध्ये सुहार्तो स्वतः हजला जाऊन आला. आणि १९९० मध्येच 'मॉनिटर' नावाच्या टॅब्लॉइडचं प्रकरण झालं होतं. वाचकांना तुमचा आवडता माणूस कोण असं विचारलं, त्या यादीत पैगंबर अकराव्या नंबरवर आले, संपादक स्वतः दहाव्यावर. पेपर बंद पडला आणि संपादक आर्स्वेंडो आत्मोविलोतो यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. माफी मागूनही. हे सगळ्या कलाकारांनी बघितलं होतं.

त्यात 'सारा' नावाचं एक भूत होतं. जमात, धर्म, वंश आणि गटातटाचे वाद यांच्या इंडोनेशियन शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. या चार विषयांवर जाहीर बोलायचं नाही असा दंडक. पेपरवाला असो, नाटकवाला असो, पोलीस परवानगी देताना आधी हेच बघणार.

अडचण

१९९४ मध्ये जकार्तातल्या स्टुडिओ ओन्चोर या जागेत तिचं प्रदर्शन लागलं. नावच होतं 'सेक्स, धर्म आणि कोका-कोला'. नावातच तीन काडेपेट्या.

त्यात दोन कामांवर भडका उडाला.

एक होतं 'एतालासे'. या शब्दाचा अर्थ दुकानातलं काचेचं शोकेस. म्युझियममध्ये असते तशी काचेची पेटी, आणि आत नीट ओळीने मांडलेल्या वस्तू : कुराण, बुद्धाची मूर्ती, कोकची बाटली, कंडोमचं पाकीट, आरसा, ढोल, वाळूची पेटी, एक फोटो. बास. कोणावर काही लिहिलेलं नाही, कोणाची टिंगल नाही, पण सगळ्यांना एकच काच आणि एकच उजेड. सराफाच्या दुकानात जसं मंगळसूत्र आणि चांदीची छल्ला-जोडवी एकाच मखमलीवर असतात आणि भाव विचारल्याशिवाय मोठं कोण ते कळत नाही, तसं.

दुसरं म्हणजे 'लिंगा-योनी' हे पेंटिंग. मराठी वाचकाला हे फोडून सांगायची गरज नाही, आपण पिंडी म्हणतो, खाली शाळुंका आणि वर लिंग. जावामध्ये या पिंड्या ढिगाने सापडतात, प्रंबाननच्या आसपासच्या देवळांत आहेत. लावू डोंगरावर पंधराव्या शतकातलं चंडी सुकुह म्हणून देऊळ आहे, तिथे तर दरवाजातून आत शिरताना पायाखालच्या फरशीवरच स्त्री आणि पुरुष अवयव कोरलेले आहेत, आणि तिथलं माणसाएवढं उंच लिंग, १.८२ मीटर, आता जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभं आहे. म्हणजे हे चिन्ह तिने बाहेरून आणलेलं नव्हतं, त्याच मातीतलं होतं आणि त्याच शहरात सरकारी इमारतीत लोक तिकीट काढून बघत होते.

पण तिने या चिन्हांसोबत अक्षरं रंगवली. दोन लिप्यांमधली. एक पल्लव, म्हणजे दक्षिण भारतातून तिकडे गेलेली जुनी लिपी, पाचव्या शतकात पश्चिम जावाचा राजा पूर्णवर्मन याचे जे संस्कृत शिलालेख आहेत ते त्याच लिपीत आहेत, तिच्या गावापासून फार लांब नाहीत. आणि दुसरी जावी, म्हणजे अरबी अक्षरात लिहिलेली मलय भाषा.

जावीमध्ये जे लिहिलं होतं त्याचा अर्थ होता : निसर्ग हे पुस्तक आहे.

एवढंच. निसर्गाला इंडोनेशियन भाषेत 'आलाम' म्हणतात, आपल्या 'आलम दुनिया'तला आलम. सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांत म्हणच आहे की पसरलेला निसर्ग हाच गुरू. आणि मिनांगकाबाऊ हे कट्टर मुस्लिम म्हणून ओळखले जाणारे लोक. म्हणजे वाक्यात आक्षेप घेण्यासारखं काही शोधूनही सापडणार नाही.

मग झालं काय? तर इंडोनेशियातलं बहुतेक मुस्लिम पोर लहानपणी कुराण वाचायला शिकतं. अक्षर ओळखायचं, उच्चार बरोबर करायचा, अर्थ नंतर कधीतरी. पूर्वी याच लिपीत पत्रं, हिशेब, गोष्टी, सगळं लिहिलं जायचं, पण डचांनी १९०१ मध्ये रोमन लिपीतलं मलय स्पेलिंग ठरवून दिलं आणि शाळा, कचेऱ्या, पेपर हळूहळू सगळे रोमनमध्ये गेले. रोजच्या वापरातून जावी गेली आणि त्या वळणाची अक्षरं उरली ती मुख्यतः एकाच पुस्तकात. त्यामुळे १९९४ च्या जकार्तातल्या माणसाला अरबी अक्षर दिसलं की त्याच्या मनात आयतच, म्हणजे कुराणातलं वचनच येणार. देवनागरीचं असं झालेलं नाही कारण ज्ञानेश्वरी आणि 'येथे थुंकू नये' दोन्ही आपण एकाच लिपीत वाचतो, दिवसातून दहा वेळा.

तर लिंग-योनीच्या शेजारी आयत लिहिली अशी बोंब झाली. धर्माचा अपमान केला म्हणून कट्टर गटांकडून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिचं रक्त सांडणं हलाल आहे इथपर्यंत भाषा गेली.

कोणते पर्याय होते

आता इथे थांबू, कारण बाहेरून बघणारा लगेच म्हणतो, अहो मग सांगायचं ना की आयत नाहीये ते! मलाही आधी तेच वाटलं होतं. एकेक बघू.

समजावून सांगणं. पण कुठे? १९९४ च्या जूनमध्ये सरकारने 'टेम्पो', 'एडिटर' आणि 'डेटिक' ही तीन साप्ताहिकं एका फटक्यात बंद केली. ज्यांनी असल्या विषयावर शांतपणे दोन पानं दिली असती अशांपैकी ही होती. उरलेले पेपर त्या वर्षी 'सारा'मधला विषय कशाला अंगावर घेतील. आणि समजावणं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याच्यासाठी असतं, धमकीचं पत्र पाठवणारा माणूस भाषांतराची वाट बघत बसलेला नसतो.

शिवाय एक गोची होती आणि ती बऱ्याच लेखांत येतच नाही. पेंटिंगच्या बाबतीत गैरसमज झाला हे खरं. पण शोकेसच्या बाबतीत? तिथे काही गैरसमज नव्हता. कुराण आणि कंडोम खरोखरच एका पेटीत होते, तिने ठेवले होते, विचार करून ठेवले होते. तिथे 'तुम्ही चुकीचं वाचलंत' हे उत्तर चालत नाही, तिथे 'हो ठेवलंय, आणि का ठेवलंय ते ऐका' असं उत्तर द्यावं लागतं आणि ते पाचपट अवघड. दोन कामं, दोन वेगळ्या अडचणी, आणि धमकी मात्र दोन्हीला मिळून एकच. एकाचा खुलासा केला असता तर दुसरं आणखी उघडं पडलं असतं.

पोलिसात जाणं. ज्या सरकारच्या लोकांनी अकरा वर्षांपूर्वी उचलून नेलं त्याच सरकारकडे संरक्षण मागायचं. बरं मागितलं, तरी धर्माच्या विटंबनेचं कलम १९६५ पासून कायद्यात बसलेलंच होतं, त्यामुळे फिर्यादी म्हणून आत शिरलेली बाई आरोपी म्हणून बाहेर यायची शक्यता चांगलीच होती. मॉनिटरवाल्या संपादकाचं उदाहरण ताजं होतं, तक्रार जमावाची आणि शिक्षा कोर्टाची.

माफी मागून कामं मागे घेणं. हा सगळ्यात व्यवहारी रस्ता, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, घरदार असलेल्या माणसाने हे केलं तर कोणी काय बोलायचं. पण तेच उदाहरण परत आडवं येतं : त्याने माफी मागितली होती. माफीने जमाव शांत होतो असं नाही, गुन्हा कबूल केला एवढाच अर्थ निघतो.

गप्प बसणं, गावी जाऊन राहणं, सहा महिन्यांत लोक विसरतील. आपल्याकडेही हाच सल्ला पहिल्यांदा मिळतो (आपल्याकडची उदाहरणं मी मुद्दाम काढत नाही, कमेंटमध्ये दुसरंच रामायण सुरू होईल). पण प्रदर्शन ज्या बाईच्या नावाने लागलंय ती गर्दीत कुठे लपणार, आणि लपली तरी काम बंदच.

आणि शेवटचा, देश सोडणं.

काय केलं

ती ऑस्ट्रेलियाला गेली, पर्थला.

नकाशा बघितला तर पर्थ हे जावाच्या जवळजवळ सरळ खाली येतं. सिडनीत ती आधी शिकलेली, त्यामुळे देश अगदी परका नव्हता. आणि तिचं हे जाणं मला दोन गोष्टींसाठी महत्त्वाचं वाटतं.

पहिली, ती कायमची गेली नाही. नंतर परत इंडोनेशियात आली, तिथेच काम करत राहिली, योग्याकार्ता हे तिचं कामाचं ठिकाण झालं. बाहेर गेलेल्या कलाकाराला बाहेरचे लोक 'पीडित' म्हणून डोक्यावर घेतात, त्यात पाच-दहा वर्षं आरामात निघतात, आणि मग माणूस फक्त स्वतःच्या छळाची गोष्ट सांगत फिरतो. तिने ते दुकान लावलं नाही.

दुसरी, कामाचं रूप बदललं. बंद पेटी आणि भिंतीवरचं चित्र यांची एक अडचण असते, बघणारा समोर उभा असतो तेव्हा कलाकार तिथे नसतो, लोक काय वाटेल ते वाचून घरी जातात. परफॉर्मन्स ती आधीपासूनच करत होती पण आता तो पुढे आला. १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक ट्रायेनियल या मोठ्या कलाप्रदर्शनात तिने 'हँडल विदाउट केअर' केलं, पारंपरिक नाचाचा पोशाख, डोळ्यांवर गॉगल आणि हातात खेळण्यातली बंदूक. कोक होतं, कंडोमही होते, म्हणजे शोकेसमधला जवळपास सगळा माल परत आला होता, फरक इतकाच की या वेळी तो एका हलत्या-बोलत्या बाईच्या हातात होता.

१९९९ मध्ये, म्हणजे सुहार्तो गेल्यानंतर, बांडुंगमध्येच तिने दायांग सुंबीवर परफॉर्मन्स केला. दायांग सुंबी ही सुंदानी दंतकथेतली आई. तिचा हरवलेला मुलगा मोठा होऊन परत येतो आणि न ओळखता तिच्याशीच लग्नाची मागणी घालतो, ती अट घालते की एका रात्रीत तलाव आणि नाव बांध, आणि काम पुरं होत आलंय असं दिसताच ती खोटी पहाट उगवते. चिडून तो नावेला लाथ मारतो आणि ती उलटी पडलेली नाव म्हणजे बांडुंगच्या उत्तरेचा तांकुबान पराहू ज्वालामुखी. शाळेची सहल जातेच तिथे. तर त्या परफॉर्मन्समध्ये तिने बघायला आलेल्यांना आपल्या अंगावर लिहायला सांगितलं.

मला हा निर्णय थोर वाटतो, खरंच. पाच वर्षांपूर्वी तिने लिहिलेलं लोकांनी चुकीचं वाचलं होतं, आता लोकांच्याच हातात पेन दिलं. काय लिहायचं ते लिहा, पण मग ते तुम्ही लिहिलंय, माझ्या समोर उभं राहून.

रामायणही तिने घेतलं, २००४ मधल्या एका व्हिडिओमध्ये वाळक्या पानांच्या बाहुल्या आहेत आणि सीतेचं अग्निदिव्य आहे. जावामध्ये रामायण मुस्लिम घरातही तितकंच माहितीचं असतं, लाकडी आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातून. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

मध्येच एक उपप्रकरण

जून २००२. ती कॅनडाला निघाली होती, वाटेत लॉस एंजेलिसला विमान बदलायचं होतं. ट्रान्झिटला व्हिसा लागतो तो नव्हता. आधीच्या वर्षीचा सप्टेंबर होऊन गेलेला, पासपोर्ट इंडोनेशियाचा, मुस्लिम बाई. चार तास चौकशी झाली, आणि मग रात्री हॉटेलवर जाऊ दिलं ते या अटीवर की इमिग्रेशनचा माणूस खोलीतच थांबणार. पुरुष.

आठ वर्षांपूर्वी इस्लामविरोधी म्हणून घर सोडावं लागलं होतं.

तिने पुढच्या वर्षी व्हेनिस बिनाले या कलाप्रदर्शनात ती हॉटेलची खोली उभी केली, कामाचं नाव तारीखच, '११ जून २००२'. पलंग, सामान, आणि बघणाऱ्याने आत जाऊन बघायचं. १९९४ मध्ये तिने ज्या वस्तू काचेआड ठेवल्या होत्या त्यांना हात लावता येत नव्हता, इथे माणूस खोलीतच उभा राहतो आणि जरा अवघडतो, दुसऱ्या बाईच्या बेडरूममध्ये परवानगीशिवाय शिरल्यासारखा.

पुढे काय झालं

कामांचं : 'एतालासे' २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये 'ग्लोबल फेमिनिझम्स' या मोठ्या प्रदर्शनात लागलं. 'लिंगा-योनी' आता जकार्ताच्या मुसेऊम मॅकानच्या संग्रहात आहे आणि त्याच म्युझियमने २०१८-१९ मध्ये तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. नाव 'भूतकाळ अजून सरलेला नाही' या अर्थाचं. त्याच शहरात, साधारण पाव शतकानंतर.

पण मला खरी रंगत वाटते ती अक्षरांचं पुढे काय झालं त्यात. तिने ती सोडली नाहीत! साधा माणूस म्हणाला असता, कानाला खडा, यापुढे अरबी अक्षर काढणार नाही. हिने २००६ मध्ये बँकॉकला बान क्रुआ नावाच्या वस्तीत काम केलं, हे चाम नावाच्या जमातीतल्या मुस्लिम विणकरांचं जुनं मोहल्लावजा गाव, जिम थॉम्पसन या अमेरिकन व्यापाऱ्याचं थाई रेशीम जगभर गाजलं ते यांच्या मागांवर विणलेलं. त्या लोकांबरोबर तिने कापडाची मोठमोठी अक्षरं शिवली, आत कापूस भरून, उशीसारखी. अरबी वळणाची. शिवणाऱ्या बायका आणि बघायला येणारे, दोघांनाही माहीत की काय लिहिलंय, कारण लिहिलंय त्यांनीच.

त्याच वर्षी २७ मे ला योग्याकार्ताला मोठा भूकंप झाला, हजारो लोक गेले, बांतुल भागातली घरं पत्त्यासारखी बसली. तिने तिथल्या एका पेसांत्रेनबरोबर काम सुरू केलं. पेसांत्रेन म्हणजे इस्लामी निवासी शाळा, किआई नावाचा गुरू, मुलं तिथेच राहतात, शेती करतात, शिकतात. १९९४ मध्ये ज्या बाईला धर्मबुडवी म्हटलं तिला पेसांत्रेनमध्ये बसून किआई आणि मुलांबरोबर झेंडे शिवताना बघा. हाच पुढे तिचा 'फ्लॅग प्रोजेक्ट' झाला : गावातल्या लोकांनी आपल्याला महत्त्वाचे वाटणारे शब्द निवडायचे, ते रंगीत कापडावर शिवायचे आणि ते झेंडे घेऊन मोकळ्यावर नाचवायचे. पुढे इतर देशांतले, इतर लिप्यांतले शब्दही त्यात आले. २०१० पासून ती तिबेटच्या खाम भागात भिक्षू आणि गावकऱ्यांबरोबर झाडं लावणं, कचरा, पाणी यावर काम करायला लागली, तिथेही झेंडे पोचले.

आणि २००९ मध्ये परत कापूस भरलेली अक्षरं, जावी लिपीतली, मोठाली. ज्याला अरबी वळण दिसलं की आयतच आठवते तो दारातून आत येऊन जरा दबकून उभा राहणार. वाचलं तर लिहिलंय 'आय लव्ह यू'.

काय वेगळं करता आलं असतं

इथे मी माझं मत देतोय, बाईला शहाणपण शिकवायचा हेतू नाही.

पहिला निर्णय, दोन्ही कामं एकाच प्रदर्शनात आणि त्या शीर्षकाखाली लावणं. 'सेक्स, धर्म' असं दारावर लिहिलं की आत आलेला माणूस चित्रात तेच शोधतो, मग 'निसर्ग हे पुस्तक आहे' हे वाक्य कितीही निरागस असो, ते वाचलं जातं त्या दोन शब्दांच्या मधोमध. 'लिंगा-योनी' वेगळं लागलं असतं, समजा सुकुहच्या दगडांबरोबर, पूर्णवर्मनच्या शिलालेखाच्या ठशाबरोबर, तर लोकांनी ते आपल्या जुन्या वारशाबद्दलचं चित्र म्हणून बघितलं असतं. शोकेसने चित्राला बुडवलं असं माझं स्पष्ट मत आहे. माझा एक मित्र म्हणतो की उलट, दोन्ही एकत्र होती म्हणून तर काम धारदार झालं, सुटं लावलं असतं तर म्युझियमचं कॅलेंडर झालं असतं. आमचं यावर अजून एकमत नाही.

दुसरं, पाटी. चित्राखाली रोमन लिपीत एक ओळ, 'इथे असं लिहिलं आहे'. मला हे सगळ्यात सोपं उत्तर वाटायचं. पण अशी पाटी लावली की काम मेलं, कारण कामाचा सगळा डाव हाच की दोन लिप्या समोर आहेत, दोन्ही तुमच्याच आहेत आणि दोन्ही तुम्हाला वाचता येत नाहीत. एक विसरलात म्हणून, दुसरी फार पवित्र करून ठेवली म्हणून. पाटी भिंतीवर नको, पण दारात एक कागद, एक माणूस, जावी वाचू शकणारे एखादे म्हातारे शिक्षक उद्घाटनाला बोलावले असते तर? त्यांनी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं असतं तर? धमकी देणारे थांबले असते असं नाही, पण मधले जे लोक असतात, ऐकीव माहितीवर मान डोलावणारे, त्यातले काही तरी थबकले असते. आणि गंमत म्हणजे नंतर तिने नेमकं तेच केलं की, बान क्रुआमध्ये, पेसांत्रेनमध्ये. आधी वाचणारे गोळा केले, मग अक्षरं काढली.

तिसरं, हॉल चालवणाऱ्यांची तयारी. असं नाव असलेलं प्रदर्शन त्या वर्षी लावताना 'गडबड झाली तर काय' याची अर्ध्या पानाची यादी तरी हवी, फोन कोणाला करायचा, काम कुठे हलवायचं, बाई रात्री कुठे झोपणार. लहान जागांमध्ये हे कोणी करत नाही, सगळा उत्साह खिळे ठोकण्यात जातो. हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतोय.

अनुभव कसला म्हणाल तर सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी एका क्लायंटला लग्नपत्रिकेला 'पेशवाई लुक' हवा होता. मी मोडीतल्या एका जुन्या कागदाचा फोटो मिळवला, ओळी कापल्या, सोनेरी केल्या आणि पत्रिकेच्या चारी कडांना बॉर्डर म्हणून फिरवल्या. फार सुंदर दिसत होती. मुलाच्या काकांनी आधी विचारलं, हे उर्दू कशाला घातलंय? मी त्यांना दहा मिनिटं समजावलं की काका, ही मोडी, आपल्या महाराजांच्या काळातली, आपलीच. त्यांना पटलं, इतकं पटलं की पाचशेच्या जागी सातशे पत्रिका छापल्या.

लग्नात आमचे एक लांबचे आजोबा भेटले, कोर्टात जुन्या दस्तांचं मोडी वाचायचं काम केलेले. पत्रिका नाकाजवळ धरून त्यांनी बॉर्डर वाचायला सुरुवात केली, वरून खाली, मग पत्रिका आडवी, मग उलटी. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अरे, हे गहाणखत आहे. जमीन गेलीये कुणाची तरी यात."

क्लायंटला मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी ती पत्रिका फ्रेम करून हॉलमध्ये लावली आहे.